तळहातावरचा थेंब

हैदराबाद,
३ जानेवारी १९६१

प्रिय महालिंग,

सलाम घे आणि शिव्याही घे. चार महिन्यांत तुझं स्वतःचं असं एक पत्र नाही. येतात ती अम्मीची. अक्षर तुझं, मजकूर तिचा आणि खाली "लिहिणार महालिंगप्पा" एवढीच तुझी ओळ. दवाखान्यात कंपाउंडर झालास म्हणून शब्दसुद्धा डोसासारखे मोजून देणार काय?

नळदुर्गला जाणाऱ्या ट्रकवर फकीरभाईंच्या हाती एक खोका दिलाय. सांभाळून उघड. आत मुठीएवढं इंजिन आहे, खेळातल्या विमानाचं, पण खरंखुरं. आमच्या वर्कशॉपातले एक साहेब विलायतेला परत गेले, जाताना मला देऊन गेले. आठवतं, आपण किल्ल्यातल्या उपळी बुरुजावरून कागदाची विमानं सोडायचो आणि ती नदीकडं जायची सोडून आपल्याच डोक्यावर यायची? तू म्हणाला होतास, "इंजिन असतं तर गेलं असतं." घे आता इंजिन. रमजान ईदला मी येतो, तोवर तू विमान बनव. शेवरीचं हलकं लाकूड, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद. दोन दोऱ्या बांधून मधे उभं राहायचं आणि स्वतःभोवती गोल फिरवायचं. अम्मीला दाखवू. ती बिचारी अजून समजते की मी फिटर नाही, पायलट आहे.

या इंजिनाला प्लग नाही, ठिणगी नाही. आतल्या दाबानंच पेटतं. म्हणून त्याचं तेलही वेगळं. एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल, एक भाग ईथर. ऑपरेशनच्या आधी माणसाला हुंगायला देता ना, तेच. देवणीकर डॉक्टरांना विचारून घे. नाही विचारलंस तरी एवढ्या मोठ्या बाटलीतलं दोन चमचे गेलेलं कुणाला कळतंय!

माझं मराठी गंजलंय, चुका पोटात घाल.

तुझा,
आयुब

---

नळदुर्ग,
१५ जानेवारी १९६१

प्रिय आयुब,

खोका सुखरूप पोचला. काल संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाल्यावर परसात फळीला इंजिन घट्ट बसवलं. बोटानं पंख्याला झटका दिला. एक, दोन, तिसऱ्याला असं काही ओरडलं की नागम्मा पोळपाट टाकून बाहेर आली. "अवं, काय आणलंय घरात? म्हस गाभण हाय, बिथरंल की!" म्हैस बिथरली नाही, पण शेजारचे दोघं भिंतीवर चढून बघत होते. आयुब, खरं सांगतो, बत्तीस वर्षांच्या माणसानं नाचू नये, पण मी नाचलो.

ईथर सोलापूरहून ओळखीच्या माणसाकडून मागवलं. दवाखान्याच्या वस्तूला हात लावणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊक आहे.

अम्मीकडं रोज जातो. थंडीमुळं वाकळा शिवायला खूप आल्यात. दारात उन्हाला बसून दिवसभर टाके घालतात. सुईत दोरा मात्र स्वतःच ओवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. तुझं पत्र वाचून दाखवताना फिटरचं गाळून नुसतं पायलट म्हटलं, तर तेवढं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

तुझा,
महालिंग

---

हैदराबाद,
२१ जानेवारी १९६१

प्रिय महालिंग,

तिसऱ्या झटक्याला! मी वाचून वर्कशॉपात सगळ्यांना सांगितलं. साहेबाच्या हातानं कधी पाचाच्या आत सुरू झालं नव्हतं.

रोज थोडं चालव. नवं जोडलेलं इंजिन असंच हाताला रुळतं. विमान किती झालं, कळव. आणि अम्मीला हळूच सांग की तिचा मुलगा विमान उडवत नाही, दुरुस्त करतो. नको, राहू दे. सांगू नकोस.

तुझा,
आयुब

---

नळदुर्ग,
८ फेब्रुवारी १९६१

प्रिय आयुब,

विमान झालं. पंख हाताच्या दोन वितींएवढे, पिवळा कागद लावलाय. पण इंजिन रुसलंय. आठवड्यापूर्वी दहा-बारा झटके लागत होते, काल साठ मोजले. मधेच एकदा फुस्स करतं, पंखा उलटा फिरून बोटावर आपटतो, पुन्हा गप्प. बोट सुजलंय. नागम्मा म्हणते, "त्याला बी तुमच्यागत राग येतोय." काय करू ते नीट लिही. ईद सव्वा महिन्यावर आली.

अम्मीच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटात सुई घुसली. नखाच्या कडेला नखुरडं झालंय. मी अळशीचं पोटीस बांधून आलो. काळजी नको. फक्त त्यांना साखरेचा आजार आहे, म्हणून रोज बघतो.

तुझा,
महालिंग

---

हैदराबाद,
१४ फेब्रुवारी १९६१

प्रिय महालिंग,

इंजिन रुसत नाही, माणूस रुसतो. त्याला काहीतरी कमी पडतंय आणि ते आपल्या भाषेत सांगतंय. एकेक बघत जा, एकदम चार गोष्टी बदलू नकोस.

आधी तेल पोचतंय का? बाजूची बारीक सुई पूर्ण काढ, नळीत फुंकर मार, पलीकडं गालाला हवा लागली पाहिजे. लागली तर सुई परत बसवून दोन फेरे उघडी ठेव. मग तेल जास्त होतंय का? इंजिन उलटं धर, भोकातून गळलं तर फडक्यानं टिपून कोरड्यावर दहा झटके दे. मग दाब. पंखा हळूच फिरव. एका जागी अडेल, सोडलास की मागं उसळेल. उसळी जोरदार असेल तर आतला दट्ट्या ठणठणीत आहे. वरचा स्क्रू पाव फेरा घट्ट कर, जास्त नाही, नाहीतर बोट मोडेल.

हे सगळं करून मला खरंखुरं कळव. इतक्या लांबून मी फक्त तुझ्या डोळ्यांनी बघतोय. तू एक गोष्ट गाळलीस तर मी चुकीचंच औषध देणार. हे तुला, कंपाउंडरला, मी सांगायचं!

अम्मीच्या बोटाचं अंगावर काढू देऊ नकोस. ती "कुछ नहीं" म्हणेल. तिचं ऐकू नकोस.

तुझा,
आयुब

---

नळदुर्ग,
२२ फेब्रुवारी १९६१

प्रिय आयुब,

सगळं केलं. गालाला हवा लागली. उलटं धरून टिपलं. दाब चांगला आहे, पंखा हातातून उसळतो. स्क्रू पाव फेरा, मग अर्धा. तरी पेटत नाही. आता फुस्ससुद्धा करत नाही. तेलही प्रत्येक वेळी ताजं करतो, शिळं वापरत नाही.

अम्मीचं बोट दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी टोचून थोडा पू काढला, इंजेक्शनं चालू केली. सूज आहे. वाकळ शिवणं बंद करा म्हणून डॉक्टर रागावले, तर डाव्या हातानं शिवायला बसल्या. रोजेही धरलेत. मी काही बोललो की म्हणतात, "तू सुई लगा, बाकी मेरेपे छोड."

तुझा,
महालिंग

---

हैदराबाद,
२७ फेब्रुवारी १९६१

प्रिय महालिंग,

मग एकच गोष्ट उरली. इंजिन चांगलं आहे, तुझं ईथर मेलंय.

परीक्षा सोपी आहे. बाटलीतला एक थेंब तळहातावर टाक. खरं ईथर असेल तर बर्फासारखं गार लागून मनात दोन आकडे मोजेपर्यंत उडून जाईल, हात कोरडा. थेंब तसाच बसून राहिला, ओलसर लागला, तर त्यात दुसरंच काही मिसळलंय. तुझा सोलापूरचा माणूस तुला फसवतोय. कोण आहे तो? नाव कळव, मी येताना गाडी बदलायला सोलापूरला उतरणारच आहे, त्याच्या दुकानात जाऊन दोन शब्द बोलतो.

अम्मीला जपून. माझी तिथं पोचेपर्यंतची सगळी भिस्त तुझ्यावर.

तुझा,
आयुब

---

नळदुर्ग,
६ मार्च १९६१

चिरंजीव आयुबला अम्मीची दुआ.

बेटा, परवा दुपारी माझ्या बोटाचं ऑपरेशन झालं. पू तळहातात उतरत होता, म्हणून डॉक्टरसाहेबांनी बोट काढलं. हात वाचला. औषध हुंगवून मला झोपवलं होतं, मला काही कळलंच नाही. महालिंग पूर्ण वेळ माझा हात धरून होता. ताप उतरलाय. तू घाई करून रजा वाढवू नकोस. ईदला ये.

लिहिणार महालिंगप्पा.

---

हैदराबाद,
१० मार्च १९६१

प्रिय महालिंग,

पत्र वाचून मी वर्कशॉपच्या मागं जाऊन बसलो आणि रडलो. आधी बोटासाठी, मग तिला काही कळलं नाही म्हणून अल्लाचे आभार मानत. लहानपणी तिनं माझ्या पायातला काटा काढताना मी गल्ली डोक्यावर घ्यायचो, आणि ती स्वतः मात्र कधी "हाय" म्हटलेली मला आठवत नाही. तू तिथं होतास. सख्खा भाऊ असता तर त्यानं वेगळं काय केलं असतं?

सतरा तारखेला पोचतो. डॉक्टरांसाठी चांगलं घड्याळ बघून ठेवलंय, तुझ्यासाठी काय ते सांगत नाही. इंजिन राहू दे बाजूला. त्याचं कारण सापडलं असेलच म्हणा. त्या सोलापूरवाल्याचं नाव तू कळवलं नाहीस.

तुझा,
आयुब

---

नळदुर्ग,
१३ मार्च १९६१

आयुब,

प्रिय लिहिण्याचा हक्क राहिला नाही, म्हणून लिहीत नाही. हे पत्र तू निघायच्या आत पोचावं अशी इच्छा आहे, आणि पोचू नये अशीही.

सोलापूरवाला कुणी नाही. ईथर दवाखान्याचं होतं.

जानेवारीत पहिल्यांदा काढलं तेव्हा बाटलीची पातळी खाली गेलेली दिसली. कपाटाची किल्ली माझ्याकडं, विचारलं तर माझंच नाव येणार. चोराच्या मनात चांदणं. जेवढं काढलं तेवढं स्पिरिट ओतून ठेवलं. दूधवाला पाणी घालतो तसं. पण दूधवाल्याचं दूध रोज नवं असतं. मी त्याच बाटलीतून काढत राहिलो आणि त्याच बाटलीत ओतत राहिलो. दर वेळी वाटायचं, इतकंसंच तर आहे. साठ झटके का लागतात म्हणून तुला विचारत होतो आणि कारण माझ्याच हातानं भरत होतो. तू लिहिलं होतंस, एक गोष्ट गाळलीस तर चुकीचं औषध देईन. मी तीच गाळली.

तुझं थेंबाचं पत्र दोन तारखेला आलं. मी दवाखान्यातच थेंब घेतला. तो तसाच बसून राहिला. त्याच संध्याकाळी माझ्या पगारातून नवी बाटली आणायला सोलापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली. वाटलं, येईल चार दिवसांत, जुनी ओतून देईन, कुणाला पत्ता लागणार नाही. डॉक्टरांचं ऑपरेशन महिन्यातून एखादं. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

चार तारखेला अम्मींच्या तळहातावर लाल रेघ चढलेली दिसली. पुवात बधिर करायची सुई देता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "रोजा आहे, पोट रिकामं आहे, बरंच झालं. ईथर काढ, आत्ताच करू." तेव्हा बोलायचं होतं, आयुब. चार वाजताची सोलापूरची गाडी होती. मी "साहेब, बाटली खराब आहे, यांना सोलापूरला नेऊ" एवढं म्हणायचं होतं. आठ शब्दसुद्धा नाहीत धड. मी मनाशी म्हटलं, निम्मं तरी ईथर असेलच, काम होईल. आणि बाटली काढून दिली.

तोंडावर जाळी धरून थेंब सोडायचं काम माझंच असतं. मी म्हटलं, "अम्मी, आकडे मोजा." माणसं पंचवीस-तिसापर्यंत अडखळतात, मग गप्प होतात. त्या मोजत राहिल्या. साठ. सत्तर. एक थेंब माझ्या हातावर पडला, गार लागला नाही. शंभर झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सौ हो गये बेटा. आगे क्या बोलूं?"

डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर हात जाईल, धर घट्ट. मी धरला. त्या पत्रात लिहिलेलं तेवढंच खरं आहे, की मी हात धरून होतो. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या सदऱ्याची बाही दातात धरली. बाही फाटली.

दोन दिवसांनी त्या पत्र सांगायला बसल्या. म्हणाल्या, "लिख, बहुत दुखा, माँ याद आयी. फिर सोच के लिख, के अब ठीक हूं." मी लिहिलं, मला काही कळलंच नाही. वाचून दाखव म्हणाल्या तेव्हा त्यांनी सांगितलेलंच वाचून दाखवलं. तुझ्या आईच्या तोंडी मी खोटं घातलं आणि तुला त्यावर अल्लाचे आभार मानायला लावले.

डॉक्टर दवाखान्याला औषधं पुरवणाऱ्या सोलापूरच्या दुकानदारावर चिडलेत. माल भेसळीचा दिला म्हणून त्याला खरमरीत पत्र लिहिलंय आणि टाकायला माझ्याकडंच दिलंय. ते सहा दिवस माझ्या खिशात आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू काय करायचं ते तू ठरव.

महालिंगप्पा

---

हैदराबाद,
२ एप्रिल १९६१

महालिंग,

तुझं पत्र निघायच्या दिवशी सकाळी मिळालं. सोलापूरपर्यंत चार वेळा वाचलं.

मी नळदुर्गला पाच दिवस होतो. तुझ्या गल्लीवरून दोनदा गेलो, आलो नाही. आलो असतो तर हात उचलला असता, आणि नागम्मावहिनींसमोर ते झालं नसतं बरं. मशिदीजवळ तू लांब उभा होतास, मी बघितलं. तूही बघितलंस. मी चपला घालायच्या निमित्तानं खाली वाकलो.

ईदच्या दिवशी अम्मीनं डाव्या हातानं शीरखुर्मा ढवळला. तुझा वाडगा वेगळा काढून झाकून ठेवला. दुपारी विचारलं, "लिंगा नहीं आया?" संध्याकाळी विचारलं, "लिंगा बीमार तो नहीं?" शेवटी मी तो वाडगा घेऊन बाहेर पडलो, नदीच्या वाटेवर उभ्यानं पिऊन टाकला आणि परत येऊन सांगितलं, महालिंगला दिला. ती खूश झाली. आता तिच्याशी खोटं बोलणारे आपण दोघं झालो.

आणि मी आजच खोटा झालो असंही नाही. तू सोलापूरचं लिहिलंस तेव्हाच मला संशय आला होता. ओळखीच्या माणसाकडून इतक्या लगेच ईथर येतं होय? पण तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं होतं आणि मला ते किल्ल्यात उडवायचं होतं. म्हणून विचारलं नाही. दोन चमचे कुणाला कळतंय, हेही मीच लिहिलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुझ्यावर राग काढताना दर वेळी ही ओळ मधे येते आणि राग पूर्ण काढता येत नाही. त्याचाही राग येतो.

तिला मी काही सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही. मला पत्र लिहून तू मोकळा होऊ बघतोस, पण बाही माझ्या दातात नव्हती. जिच्या दातात होती तिच्यासमोर जाऊन बस आणि बोल. तोवर मला पत्र लिहू नकोस. तिचंही तुझ्या हातचं नको.

आयुब

---

नळदुर्ग,
२४ एप्रिल १९६१

प्रिय आयुब,

आता लिहितो, कारण सांगून झालं.

आधी डॉक्टरांना सांगितलं. खिशातलं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.  नोकरीवरून काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुढं करून कपाटाची किल्ली घेतली. आता काही लागलं की मी मागतो आणि ते स्वतः उठून देतात. रोज वीस वेळा उठतात, एकदाही बोलून दाखवत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग अम्मींकडं गेलो. दारात वाकळ पसरून बसल्या होत्या, मधल्या बोटानं सुई रेटायला शिकतायत. मी सगळं सांगितलं. बाटली, स्पिरिट, चारची गाडी, आणि पत्रात काय लिहिलं तेही. त्यांनी मान वर केली नाही. मी माझं चुकलं म्हटलं, त्या टाका घालत राहिल्या. मी रडायला लागलो, तरी हात थांबला नाही. उठून जाणार तेवढ्यात त्यांनी सुयांची डबी आणि दोऱ्याचं रीळ माझ्या पुढ्यात सरकवलं.

दोरा ओवता येत नाही त्यांना आता. चिमटीत धरायचं बोटच गेलं. मी बसून डबीतल्या सगळ्या सुया ओवल्या आणि ओळीनं कापडाला टोचून ठेवल्या. दिवसभर पुरतील एवढ्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आधी पुन्हा गेलो. पुन्हा डबी पुढं आली, शब्द नाही. असे बारा दिवस झाले. गल्लीतल्या बायका विचारतात, "कंपाउंडर, आता वाकळा शिवायलाबी लागलाव का?" मी हो म्हणतो.

इंजिन फकीरभाईंबरोबर परत पाठवलंय. फळीसकट, पुसून. नव्या बाटलीतलं त्यात काही घातलेलं नाही. बाटली आल्यावर डॉक्टरांसमोर एक थेंब तेवढा तळहातावर घेतला, गार लागून उडून गेला. तुझ्या इंजिनात काही दोष नव्हता. विमान अम्मींच्या घरी खुंटीला टांगलंय, त्यांनीच मागून घेतलं. का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे पत्र तुला का लिहितोय ते सांगतो. आज सकाळी सुया ओवून उठलो. एकवीस होत्या. दारापर्यंत आलो तर मागून आवाज आला. पहिल्यांदाच.

"कल जरा जल्दी आ रे. काम बहुत है."

महालिंग